करमणुकीच्या धंद्यातील मक्तेदारी आणि कामगाराची संध्याकाळ

रिलायन्स उद्योगसमूह आणि अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनी यांनी भारतातील आपला करमणुकीचा व्यवसाय एकत्र करण्याचा करार 28 फेब्रुवारी 2024 रोजी जाहीर केला. त्याच वर्षी 28 ऑगस्टला स्पर्धा आयोगाने त्याला मान्यता दिली, 30 ऑगस्टला कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मोहोर उमटवली आणि 14 नोव्हेंबरला विलीनीकरण पूर्ण झाले. नव्या कंपनीचे नाव जिओस्टार. तिचे मूल्य 70,352 कोटी रुपये धरले गेले. शंभरांहून अधिक दूरचित्रवाहिन्या तिच्या मालकीच्या झाल्या आणि वर्षाला 30,000 तासांहून अधिक कार्यक्रम निर्माण करण्याची आपली ताकद असल्याचे कंपनीनेच अभिमानाने सांगितले. वर्षाचे तास 8,760 असतात. म्हणजे एखाद्याने झोप न घेता, काम न करता अखंड पाहायचे ठरवले तरी या एका कंपनीचा एका वर्षाचा माल संपवायला त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल.

भांडवलदारी वृत्तपत्रांनी ही बातमी व्यापाराच्या पानावर छापली. समभागाचा भाव किती चढला, अध्यक्षपदी कोण बसले, डिस्नेच्या वाट्याला किती टक्के आले, याची चर्चा झाली. मात्र या सौद्याचा खरा संबंध शेअर बाजाराशी असण्यापेक्षा पाळी संपवून घरी परतणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या संध्याकाळशी आहे. हा संबंध मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून दिसत नाही. तो दुर्ग जिल्ह्यातील अहिवाऱ्यासारख्या गावातून स्पष्ट दिसतो.

अहिवारा भिलाईच्या उत्तरेस आहे. शेजारी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. पोलादाच्या भट्टीत लोखंडाच्या खनिजाबरोबर चुनखडी पडल्याशिवाय मळी वेगळी होत नाही. सोव्हिएत संघाच्या साहाय्याचा करार 1955 साली झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि नंदिनीचा दगड देशाच्या पोलादात मिसळू लागला. याच चुनखडीच्या पट्ट्यावर सिमेंटचा धंदाही उभा राहिला. भिलाईला लागून जामुलला एसीसीचा कारखाना आला, पुढे अहिवारा परिसरातच जे. के. लक्ष्मी सिमेंटचा कारखाना झाला. खाणीतील कायम कामगार, कंत्राटदाराकडचा रोजंदार, डंपरचा चालक, सिमेंटची पोती भरणारा हमाल आणि भोवतालच्या गावांतील धान पिकवणारा शेतकरी अशी ही वस्ती आहे. विदर्भ आणि छत्तीसगड 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, ती या कष्टकरी समूहाचाच भाग आहेत.

या माणसाचा दिवस मालकाचा असतो हे कामगार चळवळ शंभर वर्षे सांगत आली आहे. आठ तासांची लढाई याच जाणिवेतून लढली गेली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, अशी ती मागणी होती. या तिसऱ्या आठ तासांवर आज कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न जिओस्टारच्या जन्माने पुढे आणला आहे.

साखळी एकाच हातात

मक्तेदारीचा साधा अर्थ बाजारातील मोठा हिस्सा असा घेतला जातो. तो अपुरा आहे. एकाच वस्तूच्या निर्मितीपासून ती ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतची प्रत्येक पायरी जेव्हा एका घराण्याकडे जाते, तेव्हा मक्तेदारी पुरी होते. करमणुकीच्या क्षेत्रात हे कसे घडले ते क्रमाने पाहिले पाहिजे.

रिलायन्सने 2014 साली नेटवर्क18 हा वृत्त आणि करमणूक वाहिन्यांचा समूह ताब्यात घेतला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची दूरसंचार सेवा सुरू केली. ऑक्टोबर 2018 मध्ये डेन आणि हॅथवे या देशातील दोन मोठ्या केबल कंपन्यांमध्ये नियंत्रक हिस्सा घेण्याचा सौदा जाहीर केला. आयपीएल स्पर्धेतील मुंबई इंडियन्स हा संघ 2008 पासूनच या घराण्याचा आहे. जून 2022 च्या लिलावात आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क एकूण 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. त्यांपैकी दूरचित्रवाणीचे हक्क 23,575 कोटींना डिस्नेच्या स्टारने घेतले आणि भारतातील डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायकॉम18 ने घेतले. त्या दिवशी निदान दोन भांडवलदार एकमेकांविरुद्ध बोली लावत होते. अडीच वर्षांच्या आत दोघे एक झाले. जिओस्टारमध्ये रिलायन्सचे स्वतःचे 16.34 टक्के, तिच्या नियंत्रणातील व्हायकॉम18 चे 46.82 टक्के आणि डिस्नेचे 36.84 टक्के असे भाग आहेत.

परिणाम असा की मैदानावरचा एक संघ, त्या मैदानाचे चित्र दाखवण्याचा हक्क, ते दाखवणारी वाहिनी, ते पोहोचवणारी केबल, ते दाखवणारा मोबाइल मंच आणि त्या मोबाइलला लागणारा डेटा, हे सर्व एका दाराआड गेले. अहिवाऱ्याच्या घरात टी.व्ही.वर सामना पाहिला काय आणि फोनवर पाहिला काय, पैसा जाण्याची वाट एकच आहे.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीनेही हे दूरचे प्रकरण नाही. स्टार प्रवाह ही वाहिनी सौद्याच्या एका पक्षाकडे होती आणि कलर्स मराठी दुसऱ्या पक्षाकडे. कालपर्यंत एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असलेल्या दोन मराठी वाहिन्या एकाच सौद्यात आल्या. मराठी लेखकाला एका वाहिनीने मालिका नाकारली तर दुसरीकडे जाण्याचा जो मार्ग होता तोच अशा सौद्यांत आवळला जातो. छत्तीसगडीचे दुखणे तर याहून मूलभूत आहे. जाहिरातदाराच्या हिशेबात ती लहान बाजारपेठ ठरते. जी भाषा लाखो शेतकरी आणि खाणकामगार बोलतात, तिची योग्यता तेल-साबणाच्या खपावरून ठरवली जाते.

फुकटाची किंमत

या मक्तेदारीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो. या कंपन्यांनी गरिबाला स्वस्तात, प्रसंगी फुकट करमणूक दिली, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद कष्टकऱ्यांच्या मनातही घर करून आहे, म्हणून त्याला टाळून चालणार नाही.

फुकट दिले हे खरे आहे. 2022 ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा आणि 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर विनामूल्य दाखवली गेली. खाणीवरच्या पोरांनी जेवणाच्या सुटीत फोनवर सामने पाहिले. पण फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले आणि पूर्वीची सरसकट विनामूल्य व्यवस्था संपली. तीन महिन्यांना 149 रुपयांपासून वर्गणी सुरू झाली. पाठोपाठ मार्च 2025 मध्ये जिओने जाहीर केले की 299 रुपये किंवा त्याहून अधिकचा रिचार्ज करणाऱ्यास हा मंच 90 दिवस मोफत मिळेल. म्हणजे सामना हे आमिष झाले आणि रिचार्ज हा गळ.

हा प्रयोग नवा नव्हता, दूरसंचार क्षेत्रात त्याची रंगीत तालीम आधीच झाली होती. 2016 साली जिओने मार्च 2017 पर्यंत सेवा फुकट दिली. अवाढव्य भांडवल मागे असलेल्या कंपनीलाच असा तोटा सोसता येतो. त्यात रिलायन्स कम्युनिकेशन्स बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विरून गेल्या आणि ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. खासगी क्षेत्रात तीन कंपन्या उरल्या. सार्वजनिक मालकीच्या बीएसएनएलला मात्र 4जी सेवेपासून वर्षानुवर्षे वंचित ठेवण्यात आले. मैदान मोकळे होताच 2019, 2021 आणि 2024 अशा तीन वेळा दर वाढवले गेले. जुलै 2024 मध्ये जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा रिचार्ज 299 रुपयांचा झाला. वर्षात असे 13 रिचार्ज येतात. एका फोनमागे 780 रुपये वाढले. घरात तीन फोन असतील तर 2,340 रुपये. कंत्राटी कामगाराच्या घरातून ही रक्कम कोणताही मोर्चा न निघता, कोणतीही वाटाघाट न होता काढून घेतली गेली. वेतनवाढीसाठी त्याच कामगाराला वर्षभर गेटसभा घ्याव्या लागतात.

आधी फुकट, मग प्रतिस्पर्ध्यांचा अंत, नंतर दरवाढ असा हा क्रम आहे. फुकट हा दानधर्म नव्हे, ती मक्तेदारीत केलेली गुंतवणूक आहे.

कारखान्याचा मालक आणि पडद्याचा मालक

जामुलच्या सिमेंट कारखान्याची कहाणी या संदर्भात फार बोलकी आहे. एसीसी ही कंपनीच विलीनीकरणातून जन्मली. 1936 साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ती स्थापन झाली. टाटांशी निगडित असलेली ही कंपनी पुढे अंबुजाच्या आणि नंतर स्वित्झर्लंडच्या होल्सिमच्या प्रभावाखाली गेली. सप्टेंबर 2022 मध्ये अदानी समूहाने होल्सिमकडून अंबुजा आणि एसीसी दोन्ही घेतल्या. गोणी तीच, धूळ तीच, कंत्राटदारही बहुधा तोच. कागदावरचा मालक बदलला आणि तो बदलताना कामगाराला कोणी विचारले नाही.

याच 2022 सालच्या ऑगस्टमध्ये याच समूहाने एनडीटीव्ही या वृत्तवाहिनीवर ताबा मिळवण्याची मोहीम उघडली आणि डिसेंबरअखेर 64.71 टक्के भाग आपल्या हाती घेतले. एकाच वर्षात एका घराण्याने जामुलचा कारखाना घेतला आणि त्या कारखान्यातील प्रश्नांवर बातमी देऊ शकणारी वाहिनीही घेतली. सिमेंट, कोळसा, बंदरे, वीज यांच्याविषयी सरकारला आणि उद्योगाला जाब विचारण्याचे काम ज्या वाहिन्यांचे, त्यांच्या चाव्याच सिमेंट, कोळसा, बंदरे आणि वीज यांच्या मालकांकडे गेल्या.

भिलाईच्या कामगाराला बातमीचे मोल नव्याने शिकवण्याची गरज नाही. 28 सप्टेंबर 1991 रोजी शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि 16 कामगार मारले गेले. नियोगींच्या संघटनेशी कम्युनिस्ट पक्षाचे मार्ग काही बाबतींत वेगळे होते, तरी ते रक्त कामगारवर्गाचे होते. तो इतिहास पत्रकांनी, सभांनी, गाण्यांनी आणि हुतात्मादिनाच्या मिरवणुकांनी जिवंत ठेवला. मालकाच्या वाहिनीवर तो विसंबून राहिला असता तर केव्हाच पुसला गेला असता. 9 जुलै 2025 रोजी केंद्रीय कामगार संघटनांनी देशव्यापी सार्वत्रिक संप केला. त्या संध्याकाळी वाहिन्यांनी त्याला किती जागा दिली आणि संपाच्या मागण्या किती सांगितल्या, हे संपात उतरलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

करमणूक आणि बातमी या दोन वेगळ्या पेठा आहेत असे समजणे भोळेपणाचे ठरेल. मालिका, सामना आणि बातम्या एकाच पडद्यावर एकापाठोपाठ येतात. ज्या मालिकांत कोणी कधी कामावर जात नाही, कोणाचा पगार थकत नाही आणि घरातील सर्व संकटे सासू-सुनांच्या स्वभावातून उद्भवतात, त्या मालिकाही राजकारणच शिकवतात. गिरणी, खाण, शेत ही जणू माणसांच्या आयुष्यात नाहीतच असे त्या सांगतात.

कायदा कोणाचा पहारेकरी?

या सर्व काळात कायदा काय करीत होता? 1969 साली मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा कायदा झाला. त्यात उणिवा होत्या, पळवाटा होत्या, तरीही बड्या घराण्यांच्या विलीनीकरणाला सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. 1991 च्या नव्या आर्थिक धोरणाने ती अटच काढून टाकली. पुढे 2002 चा स्पर्धा कायदा आला. त्याची भूमिकाच वेगळी होती. आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण रोखणे हा त्याचा हेतू नव्हता, बाजार सुरळीत चालवणे हा होता.

चित्रपटगृहांचे उदाहरण घ्या. पीव्हीआर आणि आयनॉक्स या मल्टिप्लेक्सच्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांनी मार्च 2022 मध्ये विलीनीकरण जाहीर केले. दोघींचे मिळून दीड हजारांहून अधिक पडदे होत होते. पण महासाथीच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षांतील उलाढाल घसरलेली असल्याने सौदा कायद्यातील मर्यादेच्या खाली राहिला आणि आयोगाच्या पूर्वमंजुरीची गरजच पडली नाही. ग्राहक संस्थेने तक्रार केली तेव्हा आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये ती निकालात काढली. अजून न घडलेल्या हानीच्या आशंकेवरून चौकशी करता येत नाही, असा त्याचा आशय होता. फेब्रुवारी 2023 मध्ये दोन कंपन्यांची एक झाली. टाळेबंदीत चित्रपटगृहातला झाडूवाला आणि तिकीट विक्रेता बेकार झाला. तीच टाळेबंदी मालकांना मात्र कायद्यातून सुटण्याची वाट ठरली. कमी बजेटच्या मराठी चित्रपटाला सोयीची वेळ आणि पुरेसे खेळ मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. आता ती ऐकून घेणारी खिडकीही एकच उरली.

जिओस्टारच्या बाबतीत आयोगाने काही अटी घातल्या. काही वाहिन्या विकण्याची आणि क्रिकेटच्या जाहिरातींचे दूरचित्रवाणी व डिजिटल असे एकत्र गाठोडे न करण्याची हमी कंपन्यांनी दिली. ही काळजी कोणासाठी, ते लक्षात घ्यावे. साबण आणि शीतपेये विकणाऱ्या जाहिरातदारांना जास्त दर द्यावा लागू नये म्हणून ती घेतली गेली. खाणीतल्या प्रेक्षकाचा रिचार्ज, मालिकेच्या सेटवरील कामगाराची मजुरी, भाषांचे भवितव्य, बातमीचे स्वातंत्र्य यांना त्या तराजूत वजन नव्हते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 12 ऑगस्ट 2014 रोजी माध्यमांच्या मालकीविषयी शिफारशी केल्या होत्या. वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा असावी आणि बड्या उद्योगसमूहांच्या माध्यमप्रवेशावर निर्बंध असावेत, असे त्यात सुचवले होते. एका सरकारी नियामक संस्थेचेच हे मत होते. त्यावर कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर 9 फेब्रुवारी 1995 रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात निर्वाळा दिला होता की वायुलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. सार्वजनिक संपत्तीच्या वापरावर तीन दशकांत खासगी साम्राज्ये उभी राहिली.

हा प्रकार भारतापुरता नाही. डिस्नेने मार्च 2019 मध्ये फॉक्सचा व्यवसाय 71 अब्ज डॉलरना घेतला आणि त्यातूनच स्टार तिच्याकडे आली. म्हणजे मराठी मालिकेचा मालक अमेरिकेतील एका सौद्याने बदलला. 2022 मध्ये वॉर्नर आणि डिस्कव्हरी एक झाल्या, ऑगस्ट 2025 मध्ये पॅरामाउंट स्कायडान्सच्या हाती गेली, आणि डिसेंबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सने वॉर्नरचा स्टुडिओ घेण्याचा करार जाहीर करताच तीन दिवसांत पॅरामाउंटने प्रतिबोली लावली. त्याच अमेरिकेत 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट बनवणारे स्टुडिओ आणि चित्रपटगृहे यांची मालकी अलग करण्यास भाग पाडले होते. ते बंधन 2020 साली उठवण्यात आले. उत्पादनाचे केंद्रीकरण एका टप्प्यावर मक्तेदारीत परिणत होते, हे लेनिनने 1916 साली बँका, कोळसा आणि पोलाद यांच्या आधारे दाखवले. आज गोष्टी सांगण्याचा धंदाही त्याच नियमाने चालला आहे.

पडद्यामागचे कामगार

या साम्राज्याचा पाया मजुरीवर आहे. मुंबईच्या मालिकांच्या सेटवर बारा-बारा तासांची पाळी आणि तीन महिन्यांनी पैसे ही रीत पडून गेली आहे. प्रकाशयोजना करणारे, सुतार, रंगभूषाकार, स्पॉटबॉय, कनिष्ठ कलाकार यांच्या संघटना 1956 पासून महासंघात एकत्र आहेत, पण मालकांची संख्या घटेल तशी वाटाघाटीतील त्यांची ताकद कमी होते. संप करून एका मालकाचे काम सोडले तर दुसऱ्याकडे जाता येते, पण सर्व दरवाजांवर एकाच मालकाचे कुलूप असेल तर जायचे कोठे? विलीनीकरणानंतर जिओस्टारमध्ये सुमारे अकराशे कर्मचाऱ्यांच्या कपातीचे वृत्त मार्च 2025 मध्ये आले. एका जागी दोन माणसे झाली म्हणून एक कमी, असे मालकाचे गणित असते. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी 1955 चा श्रमिक पत्रकारांचा स्वतंत्र कायदाही गिळला.

पण हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 साली 148 दिवस आणि नटनट्यांनी 118 दिवस संप करून दाखवून दिले की मक्तेदारीलाही हात लागतात. गोष्ट लिहिणारा थांबला की जगातील सर्वांत श्रीमंत पडदाही काळा पडतो. खाणीत पहार थांबली की झोतभट्टी थंडावते, त्यातलाच हा प्रकार. अहिवाऱ्याचा खाणकामगार आणि मुंबईचा स्पॉटबॉय यांचे हितसंबंध एक आहेत, हे दोघांनाही कोणी तरी सांगितले पाहिजे.

पर्याय आणि कर्तव्य

मक्तेदारीवर टीका करताना जुन्या सरकारी दूरदर्शनचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सत्ताधारी पक्षाचे भोंगे म्हणून त्याचा कसा वापर झाला आणि आजही होतो, हे जनता जाणते. 1990 च्या प्रसारभारती कायद्याने दिलेली स्वायत्तता कागदावरच राहिली. तरीही सार्वजनिक प्रसारणाच्या शक्यता या भूमीने पाहिल्या आहेत. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग झाला, त्यात रायपूरचा परिसर होता. जाहिरातदाराला ज्या खेड्यात काही विकायचे नव्हते, तेथे त्या काळी पडदा गेला. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. त्यांना नोकरी दिली ती भिलाई पोलाद कारखान्याने, सार्वजनिक क्षेत्राने. लोककला बाजारात टिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. माध्यमांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा घालणारा कायदा संसदेने करावा. दूरसंचाराची तार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कार्यक्रमांची मालकी असू नये. बड्या उद्योगसमूहांना वृत्तवाहिन्या चालवण्यास मज्जाव असावा. विलीनीकरणास मान्यता देण्यापूर्वी कामगार संघटनांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक व्हावे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसारभारतीला देण्याचा कायदा 2007 मध्ये झाला, पण 2017 च्या निकालानंतर ते चित्र खासगी केबलवरून दूरदर्शनमार्फत मोफत जाऊ शकत नाही. कायदा दुरुस्त करून ही पळवाट बुजवावी. प्रसारभारतीला सरकारी हुकमतीतून सोडवून पुरेसा निधी द्यावा आणि छत्तीसगडी, गोंडी, हलबी या भाषांना तेथे हक्काची वेळ मिळावी. बीएसएनएलला सक्षम करणे हाही या लढ्याचाच भाग आहे.

परंतु केवळ मागण्यांनी संध्याकाळ परत मिळत नाही. इप्टा 1943 साली मुंबईत स्थापन झाली, तेव्हा चळवळीकडे ना वाहिनी होती ना भांडवल. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक डफ आणि तुणतुणे घेऊन गिरणगावच्या चाळींत उभे राहिले आणि त्यांच्यापुढे हजारो कामगार बसले. छत्तीसगडात दाऊ रामचंद्र देशमुखांनी 1971 साली दुर्ग जिल्ह्यातील बघेऱ्यातून चंदैनी गोंदा उभा केला, तेव्हा शेतकऱ्याचे जगणे रंगमंचावर आले. ती गर्दी जाहिरातींनी जमली नव्हती. माणसांना त्यात आपलेच जगणे दिसत होते. कामगार संघटनांनी पगार, बोनस आणि पाळी यांसाठी झुंज दिली, परंतु पाळीनंतरचे तास पुढे मोकळे पडले आणि त्या मोकळ्या जागेत भांडवल शिरले.

ते तास परत घेण्याचे काम युनियनच्या कचेरीपासूनच सुरू होऊ शकते. आठवड्यातून एका संध्याकाळी वृत्तपत्राचे सामुदायिक वाचन, महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा, नाचा आणि पंडवानीच्या स्थानिक कलावंतांना मे दिनाच्या व्यासपीठावर मानाची जागा, मराठी आणि छत्तीसगडी कुटुंबांच्या मुलांचे एकत्र कलापथक, आणि ज्या फोनवर मालकाचा सामना पाहिला जातो त्याच फोनवर संपाची, अपघाताची, थकलेल्या पगाराची बातमी एका खाणीतून दुसऱ्या खाणीत पोहोचवण्याची शिस्तबद्ध व्यवस्था, इतके तर कोणत्याही शाखेला जमण्यासारखे आहे. अपघातात दगावलेल्या कंत्राटी कामगाराचे नाव मालकाची वाहिनी घेणार नसेल, तर ते घेण्याची जबाबदारी संघटनेवर येते.

नंदिनीची चुनखडी भिलाईच्या भट्टीत जाते आणि तिथून देशाचे रूळ निघतात. हे सर्व ज्यांच्या श्रमावर चालते, त्यांना दिवसाचे आठ तास स्वतःसाठी मिळावेत ही मागणी आजही पुरी झालेली नाही. कारखान्याच्या फाटकावर ती आठ तासांच्या पाळीची मागणी होती. आता पाळीनंतरच्या तासांवरील हक्कही तिच्यात जोडून लढावा लागेल.